पुढील सूचना येईपर्यंत

१२ जानेवारी १९९९

डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघ्यांतली गादी झिजली आहे. डाव्यातली जास्त. काम काय करता?

व्हायोला वाजवतो.

"मग बसून काम. उत्तम."

मी म्हटलं, वाइडेनाखच्या वाद्यवृंदात. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे उभ्याने."

आमचा सतरा जणांचा वाद्यवृंद एकोणपन्नास वर्षं उभ्याने वाजवतो आहे. त्यासाठीच तो ओळखला जातो. स्टुटगार्टहून येणाऱ्या रस्त्यावर पाटी आहे, 'वाइडेनाख: उभ्या वाद्यवृंदाचं गाव'. नियमावलीतलं चौथं कलम मला पाठ आहे. 'सन १९५० च्या ठरावानुसार वादन उभ्याने होईल. ज्यास उभे राहता येत नाही त्याने जागा मोकळी करावी.'

मी बासष्ट वर्षांचा आहे. पासष्टाव्या वर्षी निवृत्ती. तीन वर्षं कुणाला कळू द्यायचं नाही. एवढंच जमवायचं आहे.

१५ जानेवारी

नोव्हेंबरात वाद्यवृंदाचा सुवर्णमहोत्सव. व्यवस्थापक डॉ. झीगेनहाल्स यांनी स्मरणिका लिहायचं काम माझ्यावर टाकलं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे, नेगेले."

"स्मरणिका छापतात."

"तरीही."

जुने कागद कपाटात आहेत. कपाटाची किल्ली नियमाप्रमाणे फक्त सचिवाकडे राहते. शेवटचे सचिव १९५८ साली वारले आणि त्यानंतर कुणाला नेमायचं राहून गेलं. म्हणून झीगेनहाल्सनी एका ओळीचं पत्र देऊन मला सचिव केलं. "कामाचं काही नाही हो. नुसतं किल्लीपुरतं."

पहिल्या प्रकरणाचं नावही त्यांनी ठरवून दिलं आहे. 'प्राध्यापक ब्रेंडले आणि उभं राहण्याचं तत्त्वज्ञान'. ब्रेंडले म्हणजे वाद्यवृंदाचे पहिले संचालक.

४ फेब्रुवारी

सराव तीन तास. दुसऱ्या तासाला डावा गुडघा कुरकुरला. मंद भाग चालू असल्याने मला स्पष्ट ऐकू आलं. इतरांना नसावं.

चेलोवाले तेवढे बसतात. खुर्चीवर नाही, बिअरच्या पेट्यांवर. पहिल्या वर्षापासूनची रीत. हल्ली सुतार मुद्दाम तशा पेट्या करून देतो, जुन्या मापाच्या, काळा रंग लावून. लहानपणी आमच्या घरात चेलो मावला नसता. म्हणून व्हायोला, व्हायोलिनहून थोडंसंच मोठं वाद्य. माणसाचं आयुष्य असं घराच्या मापाने ठरतं.

क्युब्लरबाई आणि मी एकाच स्टँडवरची स्वरलिपी पाहून वाजवतो. एकोणीस वर्षं. अजून एकमेकांना अहो-जाहो करतो. घाई नाही. आज निघताना त्यांनी माझी व्हायोलाची पेटी उचलली.

"अहो, ती माझी."

"माहीत आहे. एकाच हातात ओझं असलं की माझी पाठ वाकडी होते. दोन्ही हातांत बरं पडतं."

मी नेऊ दिली. पाठीचं दुखणं वाईट.

२३ फेब्रुवारी

जुनी कात्रणं लावतो आहे. स्टुटगार्टच्या समीक्षकाने १९५० साली लिहिलं होतं, 'हे वादक उभे राहतात आणि संगीत पहिल्यांदाच पूर्ण श्वास घेतं.' तिथून सगळं सुरू झालं. मग बर्लिन, व्हिएन्ना, तीन विद्वानांचे तीन ग्रंथ. जपानमध्ये श्रोते आमच्या मानार्थ स्वतःही उभे राहिले. दोन तास. खुर्च्या दाखवणाऱ्या मुली काय करावं न कळून दारापाशी रडत होत्या.

१ मार्च

श्टाउखबाईंनी वर्षाचा कार्यक्रम सांगितला. त्या आमच्या पहिल्या व्हायोलिनवादक. वाद्यवृंद त्याच चालवतात, आणि आजवर त्यांना कुणी हसताना पाहिलेलं नाही. या वर्षी सगळ्या रचना आखूड. वीस मिनिटांच्या वर एकही नाही. चेलोवाला रूओफ म्हणाला, "हे काय, नाश्त्याला बोलावलंय का श्रोत्यांना?" त्या म्हणाल्या, "लोकांना आता दम नाही."

व्हायोलांची जागाही बदलली. आम्ही आता खांबाजवळ. तिथे आवाज चांगला घुमतो म्हणे. मला फरक जाणवला नाही. खांब पाठीला सोयीचा आहे, हा योगायोग.

११ मार्च

इतिवृत्ताची पहिली वही सापडली. दिनांक १४ मार्च १९५०, विषय सहावा. तसंच उतरवतो:

'वाद्यवृंदाच्या वीस खुर्च्या "एकोपा" गायन मंडळास त्यांच्या वर्धापनदिनासाठी उसन्या देण्यात आल्या. त्या परत येईपर्यंत, म्हणजे सचिवांकडून पुढील सूचना येईपर्यंत, वादन उभ्याने होईल. चेलोंसाठी बिअरच्या पेट्या आणाव्यात. प्रा. ब्रेंडले यांनी नापसंती नोंदवली.'

वही शेवटपर्यंत वाचली. मग दुसरी, तिसरी. पुढील सूचना कुठेही नाही.

म्हणजे एकोणपन्नास वर्षं आम्ही खुर्च्यांची वाट पाहत उभे आहोत.

कपाटाला कुलूप लावलं. बातमी माझ्या दृष्टीने चांगली आहे. म्हणूनच ती मला सांगता येत नाही. ज्याचे गुडघे गेले त्यानेच खुर्चीचा शोध लावायचा, हे दिसायला बरं नाही.

१९ मार्च

ब्रेंडलेबाईंकडे गेलो. प्राध्यापक ओटोकार ब्रेंडले यांच्या पत्नी, वय एक्क्याण्णव. दार उघडून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तू कोण? व्हायोला ना?"

"हो. नेगेले."

"व्हायोलाच. तुम्ही सगळे दारात असे उभे राहता, जणू चुकून आलात. ये. बस."

कॉफी आणि लोणी लावलेली ब्रेझेल, आमच्याकडचा गाठ मारलेला खारा पाव. मी तत्त्वज्ञानाबद्दल विचारलं.

"कसलं तत्त्वज्ञान? खुर्च्या नव्हत्या. सुरुवातीला ओटोकारने माफी मागितली सगळ्यांची. पण तो स्टुटगार्टचा पेपरवाला! त्याची गाडी चुकली. माफी झाल्यावर आला. बघतो तर सगळे उभे. दुसऱ्या दिवशी हे एवढं लिहून मोकळा. ओटोकारने तीनदा वाचलं आणि म्हणाला, मेलो आता."

"मग खुर्च्या परत का मागितल्या नाहीत?"

"आम्ही मागायच्या? उसनं नेणाऱ्याने आणून द्यायचं असतं. 'एकोपा'वाल्या क्नोडलरच्या आजोबांना सांग हे."

"ते वारले."

"बघ. गेला, पण खुर्च्या नाही दिल्या."

प्राध्यापक अठ्ठावीस वर्षं रोज घरी येऊन मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसत. बाईंनी ती बादली आणून माझ्यापुढे ठेवली.

"ने. तुला लागेल."

वयामुळे त्यांचा काहीतरी घोटाळा होत असावा. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. बादली घेऊन आलो.

२१ मार्च

बादली उपयोगी आहे.

८ एप्रिल

माझ्या स्टँडमागे सुताराची एक नवी काळी पेटी येऊन पडली आहे. श्टाउखबाई म्हणाल्या, "स्वरलिपीचे कागद ठेवायला." आठवडाभर कुणी कागद ठेवला नाही. उगाच जागा अडते. आज मी ती ढकलत कोपऱ्यात नेऊन ठेवली. श्टाउखबाई बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या. रूओफ म्हणाला, "व्हायोलावाल्यांना पेटी दिली तर तिचं काय करतात? कोपरा सजवतात." सगळे हसले. व्हायोलावाल्यांवर विनोद करायची पद्धतच आहे. मीही हसलो.

क्युब्लरबाई मध्यंतरात विणकाम करत होत्या. निळी लोकर, काहीतरी चौकोनी.

"कुणासाठी?"

"मांजरीसाठी."

त्यांच्याकडे मांजर आहे हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं शेजारी उभं राहून माणूस किती कमी कळतो.

१६ एप्रिल

इतिहासाचं काम पुराव्याने करावं. 'एकोपा' मंडळाच्या सभागृहात गेलो. दुपारी तिथे कुणी नसतं. भिंतीशी जुन्या खुर्च्या रांगेत होत्या. आमच्या वस्तूंवर खूण म्हणून वाळुंजाच्या झाडाचं पान आणि क्रमांक डागलेला असतो. खुर्ची उलटी केली तर आवाज होईल, म्हणून मीच खाली वाकून पाहायचं ठरवलं. वाकून दिसेना. मग जमिनीवर आडवा झालो.

पान होतं. क्रमांक अकरा.

उठायला गेलो तर गुडघे ऐकेनात. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मला बुटांचा एक जोड दिसला. मंडळाचे अध्यक्ष क्नोडलर. बाजारातलं खाटकाचं दुकान त्यांचंच.

"नेगेले? काही हरवलं का?"

"पाहतोय."

"काय?"

"इतिहास."

ते शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनीही खालून पाहिलं.

"हां, ते पान. ते तुमचंच. माझ्या आजोबांनी सांगून ठेवलंय, या खुर्च्या वाद्यवृंदाच्या आहेत, नीट वापरा, कधीही मागायला येतील. आम्ही दरवर्षी पॉलिश करतो. तुम्ही आलाच नाहीत."

"आम्ही वाट पाहत होतो, तुम्ही आणून द्याल म्हणून."

"आणि आम्ही, तुम्ही मागाल म्हणून." त्यांनी थोडा विचार केला. "पन्नास वर्षं! दोन्हीकडे माणसं तशी पक्की."

मग माझ्या काखेत हात घालून त्यांनी मला अर्ध्या डुकरासारखं उचललं आणि अकरा नंबरवर ठेवलं. फार चांगली खुर्ची आहे.

मी म्हटलं, गुडघ्याचं कुणाला बोलू नका.

"माझ्या तोंडून? अहो, मी खाटीक आहे. पोटातलं पोटात ठेवणं हाच धंदा."

२२ एप्रिल

या आठवड्यात चार घरांतून मला हाडांचा रस्सा आला. श्टाउखबाईंनीही एक बरणी दिली. हाडांचा मोसम असावा.

१८ मे

पहिलं प्रकरण पुढे जात नाही. 'प्रा. ब्रेंडले यांच्या मते' इथे थांबतो. त्यांच्या मते काय, ते मला आता माहीत आहे. त्यांच्या मते पाय दुखत होते.

२ जून

दोन मजकूर तयार आहेत. एकात तत्त्वज्ञान, बारा पानं. दुसऱ्यात खुर्च्या, दीड पान. तत्त्वज्ञान लिहिताना मी बसलेलो होतो. खुर्च्यांचं दीड पान उभ्याने लिहिलं, म्हणजे हेतूवर संशय नको.

१० जून

दीड पान श्टाउखबाईंना दिलं. सोबत इतिवृत्ताची वही. म्हटलं, मला यातून काही नको. फक्त खोटं लिहिणार नाही.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. मग मंचाच्या कडेला बसल्या आणि हसू लागल्या. आवाज अपेक्षेपेक्षा जाड आहे.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"मार्चपासून."

"आज दहा जून. अहो नेगेले! तीन महिने मी इथे आखूड रचना शोधून शोधून..."

"शोधून काय?"

"काही नाही." त्यांनी डोळे पुसले. "लोकांना दम नाही."

९ जुलै

सर्वसाधारण सभा. सतरा वादक, झीगेनहाल्स, आणि पाहुणे म्हणून क्नोडलर. इतिवृत्त मीच लिहिलं. ते कपाटात गेलं. इथे उरलेलं लिहितो.

झीगेनहाल्सचा चेहरा पांढरा पडला होता. "पन्नास वर्षांचं नाव, आणि ते उसन्या खुर्च्यांवर? रस्त्यावरची पाटी? ते तीन ग्रंथ? जपानला काय तोंड दाखवू?"

क्नोडलर म्हणाले, "खुर्च्या पॉलिश केलेल्या आहेत."

"खुर्च्यांचा प्रश्न नाही!"

"मग कशाचा आहे?"

झीगेनहाल्स म्हणाले, काहीही असो, चौथं कलम बदलायला दोन तृतीयांश मतं लागतात. तेव्हा रूओफ आपल्या पेटीवरून उठला. त्याचे वडील वकील होते. म्हणाला, "मतं कशाला? कलम ठरावावर उभं आहे. ठराव म्हणतो, सचिवांकडून पुढील सूचना येईपर्यंत. सूचना आली की ठराव संपला. सचिव कोण?"

कुणालाच आठवेना. मी इतिवृत्त लिहीत राहिलो. झीगेनहाल्स हळूच म्हणाले, "किल्लीपुरते... नेगेले."

सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, मला शक्य नाही.

"का?" रूओफने विचारलं आणि लगेच जीभ चावली. सगळे छताकडे पाहू लागले. मीही पाहिलं. छताला काही नव्हतं.

कारण सांगता येत नव्हतं. सांगितलं तर जागा मोकळी करावी लागेल. न सांगता सही केली तर ती स्वतःसाठी केलेली सही. मी कागद पुढे ढकलला.

क्युब्लरबाई उठल्या. "माझी पाठ गेलीय. मला बसायचंय. लिहा."

मग श्टाउखबाई म्हणाल्या, त्यांच्या टाचेत तीन वर्षांपासून कळ येते. दुसऱ्या रांगेतल्या एकाने कंबर सांगितली. एकाने सपाट तळवे. आमची सर्वांत लहान व्हायोलिनवादक, सव्वीस वर्षांची, म्हणाली, "मला वार्धक्य जाणवतंय." रूओफ म्हणाला, "मला पेटी टोचते." डबल बासवाला काही सुचेना म्हणून नुसताच कण्हला.

असे सोळा. मला कल्पना नव्हती. इतकी आजारी माणसं इतकं चांगलं वाजवतात कशी, हे स्मरणिकेत यायला हवं.

सोळा जणांसाठी सही करायला हरकत नव्हती. लिहिलं, 'सूचना: खुर्च्या येत आहेत. डब्ल्यू. नेगेले, सचिव.' अक्षर चांगलं आलं नाही.

११ सप्टेंबर

क्नोडलरांच्या मांसाच्या गाडीतून खुर्च्या आल्या. सतरा. उरलेल्या तीन त्यांच्या खर्जातल्या गायकांनी मोडल्या, त्याची त्यांनी लेखी माफी मागितली. खुर्च्यांना धुरावलेल्या मांसाचा वास आहे. श्टाउखबाई म्हणाल्या, जाईल. रूओफ म्हणाला, जाऊ नये.

चेलोवाल्यांनी खुर्च्या घेतल्या नाहीत. "पन्नास वर्षांची परंपरा आहे." पेटी टोचत असल्याबद्दल मी रूओफला आठवण दिली. तो म्हणाला, "टोचणं हीच परंपरा."

२८ ऑक्टोबर

स्मरणिका छापून आली. पहिलं प्रकरण दीड पानाचं. झीगेनहाल्सनी शेवटी मान्य केलं, पण नाव त्यांचंच ठेवलं. खाली खुर्च्यांची हकिगत, वर 'तत्त्वज्ञान'. ब्रेंडलेबाईंनी वाचून निरोप पाठवला, बादली परत नको.

आता सगळे विचारतात, समारंभात आपण खरंच बसायचं का? सवय नाही. सरावात रोज दोघे-तिघे नकळत उठून उभे राहतात. मीही. वाजवताना बसलेलं असणं जरा उद्धट वाटतं.

६ नोव्हेंबर

सुवर्णमहोत्सव. नगरभवन भरलेलं. ब्रेंडलेबाई पहिल्या रांगेत.

आम्ही आत आलो आणि रिवाजाप्रमाणे आपापल्या जागी उभे राहिलो. टाळ्या थांबल्या. श्टाउखबाईंनी मान हलवली. कुणी बसेना. श्रोते पाहत होते, आम्ही एकमेकांकडे पाहत होतो. पन्नास वर्षांत हे कुणी केलेलं नव्हतं आणि पहिलं कुणी बसायचं याचा ठराव झालेला नव्हता.

माझ्या शेजारून हळूच आवाज आला. "बस ना, विल्फ्रेड."

मी बसलो. मग बाकीचे सोळाही. सगळ्या खुर्च्या एकदमच करकरल्या. पहिल्या रांगेतून ब्रेंडलेबाई मोठ्याने म्हणाल्या, "अखेर!"

वीस मिनिटांची रचना होती. मला पाचच वाटली. शेवटच्या स्वरानंतर मी आपोआप उठलो. काहीही दुखलं नाही.

८ नोव्हेंबर

स्टुटगार्टच्या पेपरात आलं आहे. 'वाइडेनाखने आपलं सर्वस्व पणाला लावलं. हे वादक आता बसतात आणि संगीताला पहिल्यांदाच जमीन मिळते.' समीक्षकाने स्मरणिका वाचलेली दिसत नाही. झीगेनहाल्स सकाळी नव्या पाटीचा मजकूर घेऊन आले होते. अक्षर बघा म्हणाले.

दोन गोष्टी नोंदवायच्या राहिल्या. एक, क्युब्लरबाई त्या दिवशी मला 'बस ना' म्हणाल्या. एकेरी. गडबडीत तोंडून गेलं असणार. मी मनावर घेतलेलं नाही. बाई संकोचतील म्हणून विषयही काढला नाही. पण व्यवहारात फरक नको, म्हणून पुढच्या वेळी मीही त्यांना नावाने, 'हानेलोर' म्हणून पाहावं का, असा विचार आहे. घाई नाही.

दुसरं, माझ्या खुर्चीवर कुणाची तरी उशी राहून गेली होती. अकरा नंबर. निळी, विणलेली, चौकोनी. खाली चार बंद, खुर्चीच्या पायांना पक्के बांधलेले. सोडवायला बराच वेळ लागला. लोकर ओळखीची आहे. गुरुवारी सरावाला परत नेईन. मांजर वाट पाहत असेल.